हळदीच्या दिवशीचं तेल

माझं तेलाचं दुकान आहे, उज्जैनला देवास गेटजवळ. त्या दुकानातल्या एका तेलाबद्दल एक वाक्य मला वेळेवर बोलायचं होतं. ते मी बोललो नाही. त्यामुळे माझ्या भाचीचं ठरलेलं लग्न मोडलं आणि माझ्या बहिणीने सहा वर्षं स्वतःला दोषी मानलं. हे आधीच सांगून टाकतो. गोष्ट रंगवत गेलो तर मधेच कुठेतरी पुन्हा लपून बसेन, अशी मला माझीच भीती वाटते.

दुकान वडिलांनी काढलं. ते रेल्वेत होते. निवृत्तीनंतर स्वस्थ बसवेना म्हणून ही जागा घेतली. आमच्या नात्यात सगळे बँकेत, शाळेत, सरकारी दफ्तरात. दुकानदारी कोणी केलेली नव्हती, त्यामुळे लोक हसायचे. वडील पत्र्याच्या डब्यांत तीळ, सरसों, खोबरेल, एरंडेल आणि गोडं बदाम तेल ठेवायचे आणि गिऱ्हाईक घरून बाटली घेऊन यायचं. दुकान माझ्या हाती आलं तेव्हाही तेच डबे होते, फक्त बाटल्या घेऊन येणारी माणसं म्हातारी झाली होती.

परदेशी तेलं दुकानात आणली ती भाचीने. तेव्हा ती कॉलेजात होती. एक दिवस फोन हातात धरून आली आणि म्हणाली, "मामा, तुझ्याकडे आर्गन ऑइल आहे?"

"ते काय असतं?"

"मोरोक्कोत एक झाड असतं. त्याच्यावर बकऱ्या चढतात. हे बघ."

मी फोटो पाहिला. खरंच बकऱ्या चढल्या होत्या. "मग हे झाडाचं तेल आहे की बकरीचं?"

"मामा, तू ना, रहने दे. तू सरसोंच विक."

तिच्या टोमण्याने मी पहिली बाटली मागवली. मग शिकत गेलो. आर्गनचं बी दगडासारखं कडक असतं, बायका ते हाताने फोडतात; ओल्या केसांच्या टोकांना दोन थेंब पुरतात, जास्त लावलं तर केस चिकट होतात. जोजोबा म्हणतात तेल, पण ते असतं पातळ मेण. आपल्या त्वचेतून जी चिकटाई निघते तिच्या फार जवळचं, म्हणून तेलकट चेहऱ्यालाही चालतं आणि लवकर खवटही होत नाही. रानगुलाबाच्या फळांतल्या बियांचं तेल चिलीहून येतं. नारिंगी रंगाचं, जुन्या व्रणांवर लावायला लोक नेतात, पण उन्हाळ्यात फ्रिजबाहेर ठेवलं की गेलं. टमानू नावाचं हिरवट, दाट तेल मी मोठ्या ऐटीत दूरच्या बेटांवरचं म्हणून विकायचो. एकदा कोकणातून आलेल्या एका यात्रेकरू आजींनी बाटली उघडून वास घेतला आणि म्हणाल्या, "अहो, ही तर आमची उंडी! आमच्याकडे दिव्यात घालायचे." त्या दिवशी भाची इतकी हसली की तिला ठसका लागला. बाटल्यांवरची नावं तीच लिहायची, गोल, नीट अक्षरात.

काही तेलं अंगाला लावायची असतात आणि काही नुसती वासाची. वासाची तेलं थेंबाने मोजून दुसऱ्या तेलात मिसळायची, कधीच नुसती लावायची नाहीत. त्यांतलं माझं सर्वांत आवडतं बर्गमॉट. संत्र्याच्या जातीचं, इटलीकडचं फळ. त्याची साल दाबून हे तेल काढतात. झाकण उघडलं की दुकानात कोणीतरी नुकतंच मोसंबं सोललं आहे असं वाटतं. पण या तेलात एक दोष आहे. ते अंगावर असताना ऊन लागलं तर कातडी भाजते, आणि नंतर तिथे तपकिरी डाग पडतो. डब्यावर तसं छापलेलं असतं. प्रत्येक गिऱ्हाइकाला मी सांगायचो, "रात को लगाना. लगाके धूप में नहीं निकलना." तीन वर्षांत हे मी किती जणींना सांगितलं असेल!

ताई माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी. भाची चार वर्षांची असताना भाऊजी गेले. ताई शाळेत शिकवायची, माधव नगरमध्ये राहायची, आणि भाचीची शाळेची फी सोडली तर तिच्या बाकी सगळ्या गोष्टींत मी होतो. सायकल शिकवायला मी, दाताच्या डॉक्टरकडे न्यायला मी, रुसली की समजूत काढायला मी. मला स्वतःचा मुलगा आहे, पण कोणी पोरांबद्दल विचारलं की माझ्या तोंडी आधी भाचीचं नाव यायचं.

तिचं लग्न इंदूरच्या एका मुलाशी ठरलं. स्थळ नात्यातून आलं होतं, पण महिन्याभरात दोघं असे वागायला लागले की जणू त्यांनीच शोधलं होतं. कचोरी उज्जैनची चांगली की इंदूरची, यावरून फोनवर तास तास भांडायचे. ताई स्वयंपाकघरातून ओरडायची, "अगं, लग्नानंतरला काहीतरी ठेवा भांडायला!"

आमच्यात हळदीच्या दिवशी आधी तेल लावतात, मग हळद. हळद मुलाकडून येते. आधी नवऱ्या मुलाला लावायची आणि उरलेली, उष्टी हळद मुलीकडे पाठवायची. तेल मात्र मुलीच्या घरचं. मी जाहीर केलं की तेल मी बनवणार.

ताई म्हणाली, "तिळाचं आण वाटीभर. कशाला उगाच झंझट."

"ताई, मामा तेलवाला आहे आणि भाची तिळाच्या तेलाने न्हाणार? लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील मामा शहाणा आहे."

मी ऐकलं नाही. बदामाचं तेल घेतलं, त्यात जोजोबा, थोडं रानगुलाबाचं, आणि मग बर्गमॉट. एरवी मी शंभर थेंबांत एखादा थेंब टाकायचो. त्या दिवशी हात सैल सोडला. हळदीच्या उग्र वासात ते दबून जाऊ नये, आणि तेल लावलं की सगळ्यांनी म्हणावं, वा, हे काय आहे, असं मला वाटत होतं. ऊन माझ्या मनात आलंच नाही असं नाही. आलं होतं. पण कार्यक्रम हॉलमध्ये होता, आणि त्यानंतर तिला न्हाऊ घालणार होते. मी निश्चिंत झालो.

हळद लग्नाच्या दोन दिवस आधी होती. फेब्रुवारीतली सकाळ, हवा गार. फोटोग्राफर आला, त्याने हॉल पाहिला आणि नाक मुरडलं. "अंकल, यहाँ तो सब पीला-पीला आएगा. ऊपर छत पे धूप मस्त है. वहाँ बिठाते हैं दीदी को." मी तेव्हा हलवायाशी जिलेबीवरून बोलत होतो. म्हणालो, "जहाँ अच्छा लगे, बिठा दो." माझी चूक ती एवढीच. पाच-सहा शब्दांची.

गच्चीवर पाट मांडला. मुहूर्ताला सवाष्णींनी आंब्याच्या पानाने तेल लावलं. पान तेलात बुडवायचं आणि पायांना, गुडघ्यांना, खांद्यांना नुसतं टेकवायचं, अशी आमच्याकडची पद्धत. ताई बाजूला उभी होती. विधवा बाई हळदीला हात लावत नाही, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. ती आपली आपणच मागे सरकली होती. भाचीने मान वळवून पाहिलं आणि म्हणाली, "आई, इकडे ये. पहिल्यांदा तूच लावायचं होतंस."

"अगं, असू दे. काकूंनी लावलं ना."

"मग मी उठते."

ती खरंच उठायला लागली. सगळे हसले आणि ताईला पुढे ढकललं. ताईने पान घेतलंच नाही. वाटीत हात बुडवला आणि लहानपणी आंघोळीआधी लावायची तसं चेहऱ्याला, मानेला, दोन्ही हातांना भरपूर तेल लावलं. लावताना ती रडत होती आणि भाची म्हणत होती, "आई, डोळ्यांत जातंय गं, बस कर." बायका म्हणाल्या, काय सुंदर वास आहे! मी बाटली सगळ्यांत फिरवली, सगळ्यांना हुंगायला दिली.

हळद घेऊन येणारी गाडी इंदूरहून उशिरा निघाली होती. तास-सव्वा तास भाची तशीच उन्हात बसली, फोटो काढून घेत, हसत. ताई तिच्या शेजारी, तेलाचा हात तसाच. मग हळद आली, लागली, गाणी झाली, सगळे जेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईचा फोन आला. "लवकर ये. हिच्या तोंडाला काय झालंय बघ."

मी गेलो. भाची आरशासमोर बसली होती. डाव्या गालावर चार बोटं उठली होती, लालभडक, टरटरून फुगलेली. कोणी उकळत्या पाण्यात हात बुडवून मारल्यासारखी. मानेवर ओघळाची रेघ, तिच्यावर पाण्याचे फोड. दोन्ही हातांवर पट्टे. हळद पायांनाही भरपूर लावली होती, पण पाय स्वच्छ होते; तेल तिथे पानाने नुसतं टेकलं होतं, आणि वरून साडी. मी पाय पाहिले आणि मला सगळं कळलं.

मी ताईच्या हाताकडे पाहिलं. तिच्या बोटांच्या मागच्या बाजूला आणि मनगटावर तसाच लाल पट्टा होता.

आम्ही कातडीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी नीट पाहिलं आणि विचारलं, "कुछ लगाया था? नींबू, परफ्यूम, कोई तेल?" ताई म्हणाली, "हल्दी लगी थी, लड़के वालों के यहाँ से आई थी. और तेल तो घर का था, मेरे भाई ने खुद बनाया." डॉक्टर माझ्याकडे वळले. "कौन सा तेल?"

मी म्हणालो, "बादाम का."

हे खोटं नव्हतं, त्यात बदामाचं तेल होतंच. हा विचार त्या क्षणी माझ्या डोक्यात आला, अगदी याच शब्दांत, आणि मला त्याचा आधार वाटला. डॉक्टरांनी हळदीत काही रंग मिसळला असेल म्हणून मलम लिहून दिलं.

का बोललो नाही? याचं चांगलं उत्तर मला कधीच सापडलं नाही. आदल्या दिवशी ती बाटली मी सगळ्यांच्या नाकाखाली फिरवली होती. भाची समोर बसली होती, तोंड सुजलेलं. मला वाटलं, संध्याकाळी ताईला एकटीला गाठून सांगू.

संध्याकाळी इंदूरची माणसं आली. ताईने दारातच विचारलं, "हळद कुठून आणलीत तुम्ही?"

मुलाची आई शांत बाई होती. म्हणाली, "विहीणबाई, हळद मी स्वतः कुटली. हळकुंडं माझ्या माहेरची. तीच आमच्या मुलाला लावली, त्याला काही झालेलं नाही."

"मग माझ्या मुलीला काय आपोआप झालं?"

आवाज वाढत गेले. मग त्यांच्यातल्या एका मावशीने ताईचं मनगट पाहिलं. "हे काय? हे तर आईलाही आहे." मुलाची आई हळूच म्हणाली, "घराण्यात काही असेल तर आधी सांगायला हवं होतं." ताई पेटली. त्यांची हळद भेसळीची, त्यांची नियत भेसळीची, जे तोंडाला आलं ते बोलली. मी भिंतीला टेकून उभा होतो. एक वाक्य बोललो असतो तर दोघींचे शब्द तिथेच थांबले असते.

ती माणसं गेल्यावर पाणी प्यायला म्हणून आत गेलो. स्वयंपाकघरात आमच्या एक काकू दुसरीला सांगत होत्या, "विधवेने हात लावायचाच कशाला? पानाने लावलं त्या ठिकाणी काही झालं का? नाही ना? हिचा हात जिथे जिथे फिरला तिथेच उठलंय. चारी बोटं मोजून घे." मी तेही ऐकलं. मला पाहून त्यांनी विषय बदलला. मी पाणी प्यायलो आणि बाहेर आलो.

लग्न पुढे ढकललं. मुलगा रोज फोन करत होता. आठ-दहा दिवसांनी तो भाचीला म्हणाला, इंदूरला एका मोठ्या डॉक्टरला तुम्ही दोघी मायलेकी दाखवून घ्या, म्हणजे माझ्या आईचं समाधान होईल. भाची म्हणाली, "माझी आई म्हणते हळद खराब होती, म्हणजे होती. तिला खोटं ठरवायला मी तपासणी करणार नाही." तोही काहीतरी तोडून बोलला असेल. अंगठी परत गेली. ज्या शब्दाखातर भाचीने हे केलं तो शब्द खोटा होता, आणि हे जगात एकट्या मला माहीत होतं.

डाग वर्षभरात गेले. फोडांच्या जागी आधी तपकिरी झालं, मग फिकट होत होत पुसलं. भाचीने पुण्यात नोकरी धरली. लग्नाचा विषय काढला की म्हणायची, "बघू." मी दर दोन-तीन महिन्यांनी तिला केसांचं तेल पाठवायचो, आर्गन आणि जोजोबाचं. तिचा मेसेज यायचा: मामा, तेल पोचलं, तुझ्यासारखं कोणीच बनवत नाही. प्रत्येक वेळी पार्सलमध्ये चिठ्ठी घालायचं ठरवायचो. दोनदा लिहिलीही. बर्गमॉट मी दुकानातून काढून टाकलं. कोणी मागितलं की सांगायचो, येत नाही आता.

ताई नात्यातल्या प्रत्येक लग्नात इंदूरच्या हळदीची गोष्ट सांगायची, मोठ्या आवाजात, त्याच त्याच शब्दांत. लोक कंटाळायचे. माझी बायको म्हणायची, "ताईंचं आता अति होतंय, तुम्ही सांगा ना काही." मी काय सांगणार होतो? मला वाटायचं, निदान तिला खात्री तरी आहे. निदान ती रागावर जगते आहे.

यंदा माझ्या मुलाचं लग्न ठरलं. मी ताईकडे गेलो, दुपारची वेळ होती, ती मेथी निवडत बसली होती. म्हणालो, "ताई, हळदीला तू आत्या आहेस. पहिली हळद तू लावायची."

ती मेथीकडेच बघत म्हणाली, "मी लग्नाला येईन. हळदीला नको."

"का?"

"का काय! माझा हात नको. एकदा पाहिलं ना काय झालं ते."

मी म्हणालो, "अगं, ते तर हळदीमुळे... तूच सांगतेस सगळीकडे."

"सांगते रे. सांगावं लागतं. नाहीतर लोक दुसरं बोलतात." मग मेथीची काडी मोडत म्हणाली, "आणि खरं सांगू? लोक बोलतात ते मला पटलंय. तिच्या गालावर माझीच बोटं होती. मी रोज बघायची, ती झोपली की. शाळेतल्या बाईंच्या मुलीच्या हळदीला बोलावलं होतं, मी ताप आला म्हणून सांगितलं. तुझ्या मुलाला मी हात लावणार नाही, बाबा. मला जबरदस्ती करू नकोस."

मग मी बोललो. किती वाईट बोललो ते आठवतं. आधी बर्गमॉट म्हणजे काय ते सांगायला लागलो, इटली, साल, ऊन. ताई गोंधळून बघत होती. शेवटी म्हणालो, "तेलामुळे झालं, ताई. माझ्या तेलामुळे. ते लावून उन्हात बसायचं नसतं. मला माहीत होतं."

तिच्या हातातली काडी तशीच राहिली. मग शाळेत विचारायची तशी एकेक विचारू लागली.

"तुला कधी कळलं?"

"दुसऱ्या दिवशी. तिचे पाय पाहिले तेव्हा."

"म्हणजे डॉक्टरांकडे गेलो त्याच्या आधी."

"हो."

"आणि ते लोक आले, माझं मनगट धरून बोलले, तेव्हा तू तिथेच होतास."

"हो."

"काकू आत जे बोलत होत्या ते तू ऐकलंस?"

"ऐकलं."

"मीही ऐकलं," ताई म्हणाली. "मी दाराच्या मागे होते, ऐकवेना म्हणून तशीच निघून गेले. मला वाटलं, बरं झालं, माझ्या भावाच्या कानावर नाही गेलं."

मी रडायला लागलो. तिने मला रडू दिलं, पाणी दिलं नाही. मग मेथीची परात उचलून ओट्यावर ठेवली, साडी बदलून आली आणि म्हणाली, "गाडी काढ. आधी काकूंकडे, मग इंदूर."

काकू आता फार थकल्या आहेत, पलंगावरच असतात. ताईने मला त्यांच्यासमोर उभं केलं. मी सगळं सांगितलं. त्यांना कितपत कळलं कोण जाणे. म्हणाल्या, "जाऊ दे रे, जुनं झालं." ताई म्हणाली, "माझं नाही झालं. तू पुन्हा सांग, जोरात सांग, त्यांना कमी ऐकू येतं." मी पुन्हा सांगितलं, ओरडून. बाहेर त्यांची सून दारात येऊन उभी राहिली.

इंदूरपर्यंत ताई मागच्या सीटवर बसून आली. मुलाच्या आईने दार उघडलं, आम्हाला ओळखायला तिला क्षणभर लागला. तिच्या मुलाचं लग्न होऊन चार वर्षं झाली होती. आतून लहान मुलाचा आवाज येत होता. मी तिसऱ्यांदा सांगितलं. ती बाई ऐकत होती, पदराचं टोक हातात धरून. शेवटी माझ्याकडे न बघता ताईला म्हणाली, "आता हे ऐकून मी काय करू?"

ताई म्हणाली, "काही नका करू. तुमची हळद चांगली होती, एवढं मला तुम्हाला सांगायचं होतं. मी फार बोलले होते."

ती बाई म्हणाली, "बसा." ताई म्हणाली, "नको, उशीर होईल." खाली आल्यावर मी गाडीचं दार उघडलं, तर ती म्हणाली, "तू जा. मी बसने येईन." आणि बस स्टँडच्या दिशेने चालायला लागली, गुडघे दुखतात तिचे तरी.

भाचीला तिनेच कळवलं. मी फोन केले, तिने घेतले नाहीत.

मुलाच्या हळदीला ताई आली. कोणी बोलवायची वाट पाहिली नाही. पुढे झाली, पान बाजूला ठेवलं आणि हाताने माझ्या मुलाला हळद लावली, गालांना, कपाळाला, हातांना. नात्यातल्या बायका बघत होत्या. तेल तिळाचं होतं, तिने स्वतः आणलेलं. माझ्याशी ती लग्नाच्या त्या तीन दिवसांत कामापुरतं बोलली, आणि अजूनही तेवढंच बोलते.

भाची पुण्याहून आली होती. नवरीशी तिचं लगेच जमलं. माझ्यासमोरून जाताना ती थांबायची नाही. निघायच्या दिवशी मी म्हणालो, स्टेशनवर मी सोडतो. तिने ताईकडे पाहिलं, ताई काही बोलली नाही, म्हणून बहुतेक आली. प्लॅटफॉर्मवर गाडीला वीस मिनिटं होती. मी माफी मागायला सुरुवात केली तर म्हणाली, "मामा, प्लीज. सगळ्यांसमोर रडू नकोस."

मी रुमालाने डोळे पुसले. मग तीच बोलली.

"त्या सकाळी तू मला सांगितलं असतंस ना, तर मी तुझ्यावर दोन दिवस चिडले असते. तोंड सुजलेलं, लग्न उद्यावर, चिडले तर असतेच. मग त्याला फोन करून सांगितलं असतं की आमच्या मामाने मला तळून काढलंय. तो इतका हसला असता! आम्ही फोटोंना हसलो असतो जन्मभर." तिने बॅगचा पट्टा खांद्यावर घेतला. "दोन दिवस, मामा. बस."

गाडी आली. तिने स्वतःची बॅग स्वतः चढवली. मी खिडकीपाशी गेलो आणि विचारलं, "आणि आता?"

"आता मला माहीत नाही," ती म्हणाली. गाडी सुटेपर्यंत ती खिडकीतच बसून होती, पण समोर बघत.